चारशे सदतीस गुणांची जन्मकथा

अलीकडच्याच एका वर्षातली गोष्ट. दुपारचा एक वाजत आला होता. शेजारच्या घरात तीन मोबाईल आणि एक संगणक एकाच वेळी शिक्षण मंडळाचे संकेतस्थळ उघडण्याच्या खटपटीत होते. आजी देवापुढे बसलेल्या, वडील रजा टाकून घरात येरझाऱ्या घालत असलेले, आणि जिचा दहावीचा निकाल ती मुलगी मात्र गच्चीत जाऊन बसलेली. एक वाजून बारा मिनिटांनी पान उघडले. ५०० पैकी ४३७. म्हणजे ८७.४० टक्के. आजींनी साखर ठेवली, थोरला भाऊ पेढे आणायला धावला. मलाही बोलावणे आले. पेढा अजून तोंडातच होता, तोवर मुलीच्या वडिलांनी हळूच मला बाजूला घेतले.

"काका, आणखी तीन मार्क असते तर सरळ अठ्ठ्याऐंशी झाले असते हो. कुठे गेले असतील ते तीन?"

मी निवृत्त शिक्षक. भाषा शिकवण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. त्या दिवशी मी "होईल सगळं छान" असे काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. तीन गुण कुठे गेले, हे सांगायचे तर उरलेले चारशे सदतीस कुठून आले, हेही सांगायला हवे. आणि ते घराघरांतून कोणी कोणाला कधी सांगितलेलेच नसते. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, क्वचित रडारड होते; पण गुण नावाची ही वस्तू तयार कशी होते, कोणाकोणाच्या हातून जाते, याची चौकशी आपण करत नाही. भाजी घेताना तागडीकडे बघणारे आपण, पोराच्या आयुष्याच्या वजनाच्या वेळी मात्र डोळे मिटून घेतो!

परीक्षेचा हा कारखाना तसा जुना. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. पुढे मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. आजचे राज्य मंडळ १९६५ च्या कायद्याने १ जानेवारी १९६६ ला अस्तित्वात आले. पुण्यात मुख्य कचेरी आणि राज्यभर नऊ विभागीय मंडळे. साडेपंधरा लाखांच्या आसपास मुले-मुली, पाच हजारांहून अधिक केंद्रे, आणि मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड अशी अनेक माध्यमे. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीने आणि पार्ल्याच्या मुलाने एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच भूमितीचा पेपर सोडवायचा. या व्यवस्थेला नावे ठेवण्यापूर्वी तिचा आवाका ध्यानात घ्यायला हवा.

संविधान तक्ता

प्रश्नपत्रिका कशी जन्मते? बी.एड.ला असताना आम्हाला 'संविधान तक्ता' करायला लावत. देशाच्या राज्यघटनेशी याचा संबंध नाही! प्रश्नपत्रिकेचा आराखडा म्हणजे संविधान तक्ता. एका बाजूला पाठ्यक्रमातले घटक, दुसऱ्या बाजूला ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही उद्दिष्टे. कोणत्या चौकटीत किती गुण पडायचे, वस्तुनिष्ठ प्रश्न किती, लघुत्तरी किती, दीर्घोत्तरी किती, सोपे किती आणि डोके खाजवायला लावणारे किती, हे सगळे आधी ठरते. मग प्रश्न. घर बांधताना आधी नकाशा, मग विटा, तसेच.

हा नकाशा गुप्त नसतो. गुप्त असतात त्या विटा. कोणत्या प्रकरणाला किती गुण हे मुलांना जूनपासून ठाऊक असते, आणि म्हणूनच 'हा धडा मी ऑप्शनला टाकलाय' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू येते. परीक्षेचा आराखडा असा पाठ झाला की शिकवणेही त्याच्याच मापाने कापले जाते. गाईडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि क्लास यांचा सगळा संसार या एका तक्त्यावर उभा आहे.

प्रश्न काढणारे शिक्षक वेगळे, ते तपासून सुधारणारे वेगळे, भाषांतर करणारे वेगळे. हे भाषांतराचे काम फार जोखमीचे. गणितातला 'किमान' हा शब्द एखाद्या माध्यमात सैल उतरला, तर त्या माध्यमाच्या मुलांपुरता तो प्रश्नच निराळा होतो. छापलेली पाकिटे मोहोरबंद होऊन परिरक्षक केंद्रावर, तिथून परीक्षेच्या दिवशी केंद्रसंचालकाच्या हाती आणि वर्गात. पूर्वी पेपर दहा मिनिटे आधी वाचायला मिळे. पेपर बाहेर फुटण्याच्या भीतीने २०२३ पासून ती सवलत गेली आणि तीच दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळाली. म्हणजे प्रश्नपत्रिकेवर जिवापाड पहारा असतो. पण या पहाऱ्याची एक किंमत आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ज्या प्रश्नाचे तोंड परीक्षेपूर्वी कोणी बघायचे नाही, तो मुलांवर आधी वापरून पाहताच येत नाही. प्रश्न अवघड आहे की नुसताच संदिग्ध, हे कळते ते साडेपंधरा लाख मुलांनी तो सोडवल्यानंतर! एखाद्या वर्षी बीजगणित कठीण गेले, तर त्या वर्षाची मुले मागच्या वर्षाच्या मुलांपेक्षा कच्ची की पेपरच कच्चा, हे ठरवायला आपल्याजवळ साधन नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्य आपल्या शाळांतून जी राज्यव्यापी चाचणी घेते, तिथे यावर तोड काढलेली आहे. तिथल्या चाचणीत काही प्रश्न असे मिसळलेले असतात की त्यांचे गुण धरतच नाहीत. मुलांना कोणते ते ठाऊक नसते. त्या प्रश्नांची परीक्षा आधी होते, मगच ते पुढच्या चाचणीत खरे प्रश्न म्हणून बसतात. आणि पेपर सोपा गेला की कठीण, याचा हिशेब करून मिळालेले गुण एका समान मोजपट्टीवर आणले जातात. म्हणजे यंदाचे ३० बरोबर आणि गेल्या वर्षीचे ३२ बरोबर यांना एकच मोल येऊ शकते. आपल्याकडे हे कोणी करायला गेले तर 'माझ्या मुलाचे दोन मार्क कोणी खाल्ले' म्हणून मोर्चा निघेल, हा भाग वेगळा.

गठ्ठा

मार्च उजाडला की आमच्या घरी गठ्ठे येत. त्यांच्याकडे मुलांनी बघायचे नाही, पाहुण्यांनी विचारायचे नाही. आता उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, होलोक्राफ्ट स्टिकर असते. कोणाची उत्तरपत्रिका आहे हे परीक्षकाला कळू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली असते. तपासणी सुरू होण्यापूर्वी मुख्य नियामकांची सभा होते. नमुना उत्तरे समोर ठेवून, कोणते पर्यायी उत्तर ग्राह्य धरायचे, कुठल्या पायरीला अर्धा गुण आणि कुठल्या पायरीला एक, हे ठरते. मग ते नियामकांकडून परीक्षकांपर्यंत येते. परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा पाहतो, नियामकाच्या कामावर मुख्य नियामकाची नजर. उतरंड चोख आहे. गणिताला ती पुष्कळशी पुरतेही. पायऱ्या लिहिल्या, उत्तर आले, एकक लिहिले. भांडायला जागा कमी.

भाषेचा परीक्षक मात्र बिचारा एकटा असतो. निबंधाला नमुना उत्तर कुठून आणणार? मी प्रामाणिकपणे सांगतो, सकाळी चहा झाल्यावर तपासलेला निबंध आणि रात्री दहा वाजता, पंचविसावा 'माझा आवडता ऋतू' वाचून झाल्यावर हाती आलेला निबंध, यांना मी एकाच तागडीने तोलले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पहिल्या पाच उत्तरपत्रिकांना हात आखडता जाई. मग मुले नेमकी किती लिहिताहेत याचा अंदाज आला की हात सैल पडे. कधीकधी मी परत जाऊन पहिल्या पाच पुन्हा पाही. नेहमी पाहत असे का? नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर तो सांगून काय उपयोग? परंतु याचे पुरावे जुने आहेत आणि लांबलांबचे आहेत. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमिती, बरे का, निबंध नव्हे. शंभरपैकी कोणी २८ गुण दिले, तर कोणी ९० च्या वर. नीटनेटकेपणाला गुण द्यायचे की नाही, चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर आले तर काय, यावरच मतभेद. त्याहून मनाला लागणारा प्रयोग इंग्लंडातला. हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका परीक्षकांनी तपासल्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांतल्याच चौदा परीक्षकांकडे त्याच पंधरा उत्तरपत्रिका पुन्हा गेल्या. म्हणजे २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाचा आधीचा निर्णय बदलला. नापासाचा पास झाला, पासाचा नापास झाला, नाहीतर श्रेणी बदलली. दुसऱ्या परीक्षकाशी नव्हे, स्वतःशीच न जुळलेली ही मते!

यावर टेक्सासने शोधलेला उपाय ऐकून आमच्या पिढीतल्या मास्तरांना घेरीच येईल. २०२४ पासून तिथे मुलांनी लिहिलेली उत्तरे बहुतांशी संगणक तपासतो. माणसांनी दोनदा तपासलेल्या सुमारे ३,००० उत्तरांवरून तो गुण द्यायला शिकला आणि सुमारे चौथा हिस्सा उत्तरे पुन्हा माणसाकडे जातात. आदल्या वर्षी सहा हजारांच्या घरात माणसे तपासनीस म्हणून लागली होती, ती दोन हजारांच्या आत आली. यंत्र थकत नाही आणि रात्री दहालाही तसेच तपासते हे खरे. पण ते शिकले माणसांनीच दिलेल्या गुणांवरून, हेही तितकेच खरे.

आपल्या ३५ चीच गोष्ट घ्या. ३५ ला पास आणि ३४ ला नापास. जगातल्या कुठल्याही परीक्षकाला ३४ आणि ३५ मधला फरक शपथेवर सांगता येणार नाही. म्हणून परीक्षक काय करतो? बेरीज ३३ वा ३४ आली की पुन्हा पाने चाळतो. कुठेतरी अर्धा, कुठेतरी एक सापडतो. याला कोणी दया म्हणतात, कोणी लबाडी. मी म्हणेन, ती एका कठोर रेषेला माणसाने दिलेली थोडी जाडी आहे. ८७ वाल्या मुलीसाठी मात्र अशी पाने कोणी पुन्हा चाळत नाही. तिचे तीन गुण गेले असतील, तर असेच कुठेतरी गेले असतील.

मुले तीच, निकाल वेगळा

पण तपासनिसाच्या हातून होणारे फरक फार तर दोन-चार-पाच गुणांचे. नियमाची एक ओळ बदलली की काय होते, ते पाहायचे तर २०१८ ते २०२१ ही चार वर्षे पाहावीत. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. बारा टक्क्यांहून अधिक घसरण. त्या एका वर्षात महाराष्ट्रातली मुले अचानक ढ झाली होती काय? त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतले शाळेच्या हाती असलेले २० गुण, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे, काढून टाकले होते आणि सगळी परीक्षा लेखी केली होती. शाळा हे वीस गुण खिरापतीसारखे वाटतात अशी तक्रार होती, आणि ती पुष्कळशी खरीही होती. पण लगेच ओरड झाली की सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांना असे गुण मिळतात, मग आमच्या मुलांनी अकरावीच्या रांगेत मागे का राहायचे? पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्यातही भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेने दिलेले गुण मिळून निकाल तयार झाला. तो ९९.९५ टक्के! २०२५ ला निकाल ९४.१० टक्के होता. हे आकडे वाचून मुलांची हुशारी मोजू पाहणाऱ्याने आधी त्या त्या वर्षीचा नियम वाचावा.

वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांना एकाच रांगेत कसे उभे करायचे, हे भांडण तर न्यायालयात जाऊन आले. २००८ मध्ये सरकारने 'पर्सेंटाइल'चे सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना द्यायचे ठरले; तेही टिकले नाही. २०१० मध्ये सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरायचे ठरले. उच्च न्यायालयाने नाकारले, सर्वोच्च न्यायालयात ते तरले. आमच्या शेजारणीचे ४३७ हे पाचशेपैकी आहेत ते याच 'बेस्ट फाइव्ह'मुळे. या पाच विषयांच्या बेरजेत खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे सवलतीचे गुण मिसळले की काही मुलांना शंभर टक्केही मिळतात. २०२५ ला अशी २११ मुले होती आणि त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली.

जुन्या काळी, म्हणजे ज्या काळात गुणवत्ता यादी लागे, तेव्हा बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाचा आईवडिलांसह पेढा भरवतानाचा फोटो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पहिल्या आणि सहाव्या क्रमांकात पाच-सहा गुणांचा फरक असे. हार्टोगसाहेबांच्या परीक्षकांनी तो एका दुपारीत उलटापालटा केला असता. त्या याद्या पुढे बंद झाल्या ते बरेच झाले. पण त्यांच्या जागी अकरावीची 'कट-ऑफ' यादी आली. तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. आता २०२५ पासून तर अकरावीचा ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाला आहे. पाचशेतला एक गुण म्हणजे ०.२० टक्के, आणि तेवढ्यात कॉलेज बदलते, रोजची लोकल बदलते, कधीकधी शाखाही बदलते. ८७.४० मधला तो दशांश आकडा आपल्याला वाटतो काटेकोर, पण तो केवळ भागाकारातून आलेला असतो.

स्वतःची उत्तरपत्रिका

मग मुलाने निदान आपली उत्तरपत्रिका बघावी की नाही? हा साधा प्रश्न सुटायला तीस वर्षे लागली. मंडळाचा नियम असा होता की फक्त गुणांची बेरीज पडताळून मिळेल; उत्तरपत्रिका पाहता येणार नाही, फेरतपासणी मागता येणार नाही. काही विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये परितोष शेठ खटल्याच्या निकालात उच्च न्यायालयाचा निर्णय फिरला. लाखो उत्तरपत्रिका, वेळेची मर्यादा, निकालाला कधीतरी अंतिमता हवी, आणि परीक्षेच्या कामातल्या जाणकारांच्या निर्णयात न्यायालयाने सहसा हात घालू नये, असा एकंदर रोख होता. त्यात तथ्य नव्हते असे कसे म्हणावे? पण तथ्य असले तरी मुलाच्या हाती काही लागले नाही. ते लागले २०११ मध्ये. माहिती अधिकाराखाली, केंद्रीय मंडळाच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. मात्र परीक्षक कोण, हे झाकलेले राहावे. आता राज्य मंडळाकडून छायाप्रत मिळते आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो.

शेजारच्या मुलीने मराठीची छायाप्रत मागवली. इतर विषयांत तिला शंका नव्हती. मराठी आपला चांगला गेला होता, असे तिचे म्हणणे. प्रत हातात आली त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी मला परत बोलावले. आधी बेरीज केली. बरोबर होती. प्रत्येक प्रश्न तपासलेला, एकही सुटलेला नाही. मग आम्ही निबंधाकडे वळलो. आठ गुणांचा. बंद पडलेल्या घड्याळाचे आत्मवृत्त तिने लिहिले होते. परीक्षकाने पाच दिले होते.

तिच्या आईने तो मोठ्याने वाचला. आजोबा गेले त्या दिवशी घरातले घड्याळ थांबवले आणि मग कोणी त्याला किल्लीच दिली नाही, असा मजकूर होता. आजी ऐकता ऐकता उठून आत गेल्या. आई म्हणाली, "सहा तरी हवेत." वडिलांनी सात म्हटले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या, शेवट घाईत गुंडाळला होता, आणि मधला तो परिच्छेद मात्र एखाद्या मोठ्या माणसाने लिहावा तसा होता. परीक्षक असताना मी काय दिले असते? सकाळी साडेसहा, रात्री पाच, असे काहीसे माझ्या मनात आले; ते मी बोललो नाही.

"तुला स्वतःला किती वाटतात ग?" मी मुलीला विचारले.

तिने कागद उलटा ठेवला. "पाच ठीक आहेत, आजोबा. शेवट मला सुचलाच नव्हता. घंटा झाली."

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायला अजून चार दिवस होते. वडील तो भरायचा की नाही याचा विचार करत बसले होते, आणि आतून आजी विचारत होत्या की ते घड्याळ नेमके कुठे ठेवले आहे.